उसन्या विचाराची नोंद

व्यापारी घरातील मुलाला उधारीची नोंद शिकवावी लागत नाही. माल कोणाकडून आला, कोणत्या तारखेस, किती, हे खतावणीत नसेल तर त्या वहीला पेढीवर किंमत नसते. हाच मुलगा उच्च शिक्षणासाठी इंग्लंडला जातो, पहिला निबंध लिहितो आणि दुसऱ्याचे परिच्छेद नोंदीविना उतरविल्याबद्दल त्याच्याकडे खुलासा मागितला जातो, तेव्हा मात्र सारे घर चक्रावते. आमच्या नात्यातील एका मुलाच्या बाबतीत असेच घडले. त्याची नियत खोटी नव्हती. पुस्तकातील उत्तर शब्दशः उतरविले की पूर्ण गुण, ही सवय बारावीपर्यंत आपणच त्याला लावली होती.

घाबरलेल्या वडिलांना कोणीतरी सुचविले, पैसे घेऊन निबंध लिहून देणारे असतात. लाखो रुपये शुल्क भरलेच आहे, त्यात आणखी थोडे! सुदैवाने त्यांनी ते ऐकले नाही. इंग्लंडमध्ये २०२२ च्या कायद्याने हा धंदा आणि त्याची जाहिरात, दोन्ही गुन्हा ठरले आहेत. शिवाय असा निबंध उघडकीस आला तर पदवीच धोक्यात येते.

मुलगा गेला तो विद्यापीठाच्याच लेखन-साहाय्य केंद्रात. तेथील बहुतेक विद्यापीठांत अशी सोय असते आणि तिचे वेगळे पैसे पडत नाहीत. पहिल्या दिवशी तो नाराज होऊन परतला, कारण तेथील बाईंनी एकही चूक दुरुस्त करून दिली नाही. त्यांनी फक्त विचारले, ‘या परिच्छेदात तुझे स्वतःचे म्हणणे कोणते?’ त्याला उत्तर देता आले नाही. पुढच्या भेटीत त्यांनी रीत सांगितली: उतारा वाचावा, पुस्तक मिटावे, समजले ते आपल्या शब्दांत लिहावे, मग पुस्तक उघडून ताडून पाहावे आणि मूळ लेखकाचे नाव, वर्ष, पृष्ठ तेथल्या तेथे टिपावे. रात्री आठवून लिहू म्हटले की नोंद राहतेच, हे दुकानदाराला कोणी सांगावे?

परदेशी न जाणाऱ्यांनाही हे साहाय्य दूर नाही. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाची लेखन-प्रयोगशाळा १९९४ पासून इंटरनेटवर विनामूल्य मार्गदर्शन देते. संदर्भ जपून ठेवणारे ‘झोटेरो’ हेही मोफत मिळते. गरज येथेही आहेच. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार प्रबंधातील साम्य दहा टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही; साठ टक्क्यांपुढे गेले तर नोंदणीच रद्द होते. खंत एवढीच, की आपल्या महाविद्यालयांत नियम पोहोचले, लिहायला शिकविणारी खोली क्वचितच पोहोचली.

घरच्यांनी फोनवर ‘जेवलास का?’ बरोबर ‘लेखन-केंद्रात वेळ घेतलीस का?’ हेही विचारावे, आणि तेही पहिल्याच महिन्यात. निबंध देण्याच्या आदल्या दिवशी तेथे जागा मिळत नाही.

त्या मुलाने दुसरा निबंध घरी पाठविला. वडिलांना विषय फारसा उमगला नाही. शेवटची संदर्भसूची मात्र त्यांनी चष्मा लावून, बोट फिरवीत ओळ न् ओळ वाचली.