पाढे : ओघ पाठ, उत्तर पाठ

वऱ्हाडात कापूस वेचणीची मजुरी किलोवर ठरते. सायंकाळी काट्यावर भरलेल्या वजनाला दराने गुणून पैसे हाती पडतात. वेचणी १६ किलो आणि दर किलोमागे ९ रुपये असला, तर १४४ रुपये व्हावयास हवेत की १३४, हे काट्यापाशीच कळावे लागते. ज्या घरी लिहिणारे-वाचणारे कोणी नसते, तेथे हा हिशेब शाळकरी मुलाकडे येतो. अमरावती व अकोला जिल्ह्यांत पाढ्यांचा प्रश्न असा थेट मजुरीशी निगडित आहे.

पूर्वी गावठी शाळेत पंतोजी पूर्णांकांच्या पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतीनची औटकीही घोकून घेत. रुपयाचे १६ आणे व मणाचे ४० शेर असताना त्यांची रोज गरज पडे. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, मागोमाग मेट्रिक वजने आली, आणि हे अपूर्णांकी पाढे मागे पडले. त्याचे फार दुःख करण्याचे कारण नाही. पाठांतराची रीत मात्र तीच राहिली.

या रीतीचे बळ लयीत आहे. दुणे, त्रिक, चोक, पंचे हे शब्द मुलांच्या जिभेवर सहज रुळतात आणि वर्ग एका सुरात म्हणू लागला की ओघ लागतो. तिचा दोषही तेथेच आहे. ‘सात अठ्ठे किती?’ असे मध्येच विचारल्यास मूल ‘सात एके सात’ पासून आरंभ करते. म्हणजे ओघ पाठ झाला, उत्तर झाले नाही. शिवाय कच्चे मूल शेजाऱ्याच्या ओठांकडे पाहून निभावून नेते, व ते शिक्षकांच्या ध्यानी येत नाही.

मुळात पाठ करावयाचे फारसे नाही. १ ते १० च्या पाढ्यांत १०० गुणाकार दिसतात. वरूड-मोर्शीकडील संत्र्याच्या बागेत मुलांना उभे करावे : एका बाजूने ७ ओळींत ८-८ झाडे, दुसऱ्या बाजूने ८ ओळींत ७-७; झाडे ५६ च. बाग जवळ नसल्यास चिंचोके मांडावेत. ही अदलाबदल उमगली की १०० चे ५५ उरतात. एक, दोन, पाच व दहाचे पाढे सोपे. ते वगळता २१ राहतात. नवाचा पाढा दहाच्या पाढ्यातून तेवढीच संख्या वजा करून मिळतो, म्हणून तोही सोडला तर केवळ १५. मुलाचे सारे श्रम या पंधरांवर खर्ची पडावेत.

मराठी संख्यानामे हीही एक अडचण आहे. त्रेचाळीस म्हणताना तीन आधी येतो, लिहिताना चार. ४३ व ३४ यांची गल्लत त्यातून होते. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘एकवीस’ बरोबर ‘वीस एक’ असे वाचन दिले गेले, तेव्हा बराच वाद झाला. वादात काहीही म्हटले गेले असो, अडचण खरी होती.

मेळघाटातील धारणी व चिखलदरा तालुक्यांत ती दुणावते. तेथील बहुसंख्य मुलांची घरची भाषा कोरकू. ती मुंडा कुळातील असल्याने मराठी पाढा त्यांच्या कानी केवळ नाद म्हणून पडतो. तेथे गट मांडणे व मोजणे आधी कोरकूत व्हावे, मराठी पाढा मागाहून यावा. कामासाठी कुटुंबासह बाहेरगावी गेलेले मूल परतल्यावर त्याला एकदम वर्गाच्या सुरात बसवण्यापेक्षा कोणते गुणाकार निसटले ते पाहून तेवढेच घ्यावेत.

वर्गभेटीस जाणाऱ्या विस्तार अधिकाऱ्यांनी किंवा शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांनी साऱ्या वर्गाकडून पाढा म्हणवून घेऊ नये. चार मुलांना वेगवेगळे विचारावे : सहा सत्ते किती? बेचाळीस कोणाकोणाच्या पाढ्यात येतात? सात अठ्ठे विसरल्यास काय कराल? शेवटच्या प्रश्नास ‘सात सत्ते एकोणपन्नास, त्यात आणखी सात’ असे उत्तर आले, तर छप्पन्न उच्चारायला त्या मुलाला क्षणभर उशीर लागला तरी हरकत नाही.