युद्धकथन आणि युद्धप्रक्षेपण : जोतिबाचे स्थलमाहात्म्य ते २६/११

कोल्हापूरच्या वायव्येस वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर जोतिबाचे स्थान आहे. येथे केदारनाथाने रत्नासुराचा वध केला आणि डोंगराला त्या असुराचेच नाव राहिले, असे परंपरा सांगते. करवीर नगरीतही महालक्ष्मीने मारलेल्या कोल्हासुराचे नाव नगराला लाभले. स्थलमाहात्म्याच्या या रचनेत दोन गोष्टी लक्षणीय आहेत. निवेदनास प्रारंभ होतो तो युद्ध संपल्यानंतर. आणि जेत्याबरोबर पराजिताचे व भूमीचेही नाव स्मरणात राहते. श्रोत्याला युद्धाचा अर्थ कळतो, परंतु युद्धाच्या निर्णयावर त्याचा वा निवेदकाचा काहीही परिणाम संभवत नाही.

आधुनिक नगरयुद्धाच्या चित्रणात नेमके हेच अंतर नाहीसे होते. २६ ते २९ नोव्हेंबर २००८ या काळात दहा दहशतवाद्यांनी मुंबईत घडविलेल्या हल्ल्यात १६६ जणांचे प्राण गेले. ताजमहाल हॉटेल, ओबेरॉय-ट्रायडंट व नरिमन हाउस येथील कारवाईचे थेट प्रक्षेपण वाहिन्यांनी केले. पाकिस्तानातील सूत्रधार ती दृश्ये पाहून आक्रमकांना दूरध्वनीवरून सूचना देत होते. २९ ऑगस्ट २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या प्रक्षेपणावर कठोर ताशेरे ओढले. मार्च २०१५ मध्ये केबल दूरचित्रवाणी नियमांत दुरुस्ती होऊन दहशतवादविरोधी कारवाईचे थेट प्रक्षेपण निषिद्ध ठरले. कारवाई संपेपर्यंत नियुक्त अधिकाऱ्याने वेळोवेळी दिलेल्या माहितीपुरतेच वार्तांकन मर्यादित झाले. साहित्यविचाराच्या परिभाषेत सांगायचे, तर येथे निवेदक कथेचा साक्षी न राहता पात्र बनला होता, आणि त्याचा श्रोता शत्रूही होता.

त्याच रात्रीचे याहून वेगळे निवेदनही नोंदले गेले आहे. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर गोळीबार चालू असता रेल्वेच्या एका उद्घोषकाने ध्वनिक्षेपकावरून प्रवाशांना सुरक्षित बाजूने बाहेर पडण्याच्या सूचना दिल्या. हेही घटना घडत असतानाचे कथनच. मात्र ते केवळ संकटातील श्रोत्यासाठी होते. तेव्हा दोष तात्कालिकतेचा नसून निवेदन कोणाला उद्देशून आहे, याचा विचार सुटल्याचा आहे.

नंतरच्या चित्रकृतींनी घटनेला पुन्हा नायक मिळवून दिले. ‘द अटॅक्स ऑफ २६/११’ (२०१३) मध्ये पोलीस अधिकारी, ‘हॉटेल मुंबई’ (२०१८) मध्ये हॉटेलचे कर्मचारी व पाहुणे, तर ‘मेजर’ (२०२२) मध्ये सैनिक केंद्रस्थानी आहे. दृष्टिकोन बदलला की नगराचा भूगोलही बदलतो. घुमटातून निघणारा धूर हे हल्ल्याचे सर्वपरिचित प्रतीक ठरले. ज्या स्थानकात पन्नासहून अधिक माणसे मारली गेली, ते त्या मानाने मागे पडले. गिरगाव चौपाटीवर केवळ लाठीनिशी पुढे होऊन कसाबला धरून ठेवणारे तुकाराम ओंबळे यांचे शौर्य जुन्या वीरकथेच्या साच्यात सहज बसते; गाडीची वाट पाहत असताना मारल्या गेलेल्या प्रवाशाला त्या साच्यात जागा नाही.

स्थलमाहात्म्य पराजिताचेही नाव भूमीला देते. नगरयुद्धाच्या लोकप्रिय चित्रणाची कसोटी याहून कठीण आहे : जो लढलाच नाही आणि तरी मेला, त्याला ते कथेत कोठे ठेवते, यावर त्याचे वाङ्मयीन व नैतिक मूल्य ठरेल.