तापलेला पॅलेट ट्रक

भरलेल्या द्राक्षपेट्या शीतगृहाबाहेर खोळंबल्या म्हणजे बागाइतदाराचा जीव कसा टांगणीस लागतो, हें निफाडकडील वाचकांस सांगावयास नको. गेल्या फाल्गुनांत आमच्यावर तोच प्रसंग आला. माल आंत नेणारा विजेचा पॅलेट ट्रक अर्ध्या तासांत मंदावे व अखेर जागींच थांबे. मोटर चटका देई. मिस्त्री म्हणाला, "भाऊसाहेब, मोटर गेली, नवी घाला."

महसूल खात्यांत आयुष्य गेलेलें. स्थळपाहणीवांचून पंचनामा करावयाचा नाहीं, ही खोड आम्हांस जडलेली. किल्ली काढून व बॅटरीची जोडणी सोडवून चाकाखालीं पाहिलें, तों पेट्या बांधण्याची प्लास्टिकची पट्टी आंसाभोंवतीं घट्ट गुंडाळलेली! चाक जड झालें कीं मोटर अधिक विद्युत्प्रवाह ओढते; आणि प्रवाह दुप्पट झाल्यास तारांतील उष्णता चौपट होते. गाडी थांबत होती ती मोटर जळूं नये म्हणून नियंत्रकच थांबवीत होता. पट्टी कापली, मोटर निवूं दिली, व सायंकाळपर्यंत सर्व पेट्या आंत गेल्या.

चाकानंतर अडकलेला ब्रेक व तारांचीं सैल टोकें पाहावींत. सैल जोडही तापतो. नियंत्रकावरील धूळ झाडावी. शिशाच्या बॅटरींत डिस्टिल्ड पाणी चार्जिंग संपल्यावर घालावें, नाहींतर आम्ल उतूं जातें. पट्ट्या उघड्या पडल्या असल्यास मात्र त्या बुडतील इतकेंच आधीं घालावें.

नव्या मोटरचें दरपत्रक अद्याप आमच्या दप्तरांत पडून आहे.