तंबोऱ्यावरील नक्षी आणि तिचें मोल

भिवंडीच्या आमच्या जुन्या घराच्या वांटण्या झाल्या, तेव्हां दागिन्यांवरून कोणींहि शब्द काढला नाहीं. वाद माजला तो आजोबांच्या मिरजेच्या तंबोऱ्यावरून. धाकटे काका म्हणाले, "कांठावरच्या पट्ट्या पिवळ्या पडल्या आहेत. त्या काढून नव्या बसवूं, म्हणजे किंमत चांगली येईल." थोरल्या काकू म्हणाल्या, "अहो, तो हस्तिदंत आहे. त्याचेंच तर मोल!" असे तंबोरे पुष्कळ घरांत गवसणी घालून उभे असतात, म्हणून दोन्ही मतें तपासून पाहणें इष्ट होईल.

तंबोऱ्याचा नाद भोपळा, तबली व जवारी यांवर अवलंबून असतो. वेलबुट्टीनें स्वर तसूभरहि सुधारत नाहीं. तरी जाणता गिऱ्हाईक ती प्रथम निरखतो. कारण वाद्य कोणत्या काळीं घडलें याची ती साक्ष असते.

अमेरिकेंतील मार्टिन कारखान्याच्या 'डी-२८' गिटारीचें उदाहरण घ्या. तिच्या कडेला पूर्वीं माशाच्या कांट्यासारखी पट्टी असे. ती १९४७ च्या सुमारास बंद झाली. त्यामुळें ती दिसतांच संग्राहक अधिक दाम मोजतात. परंतु नादास उपकारक अशा, कोरून हलक्या केलेल्या आंतील लांकडी पट्ट्या १९४४ मध्येंच सोडल्या गेल्या होत्या. सारांश, मधल्या गिटारींवर नक्षी जुनी व बांधणी नवी! केवळ नक्षीवर भुलणारा तेथें फसतो.

आतां हस्तिदंताविषयीं. १९८६ मध्यें देशी व १९९१ मध्यें आफ्रिकन हस्तिदंताचा व्यापार आपल्या कायद्यानें बंद केला. म्हणजे जें पूर्वीं किंमत वाढवी, तेंच आतां विक्रीच्या आड येतें. वन खात्याकडे चौकशी केल्यावांचून असा सौदा करूं नये. हस्तिदंताच्या आडव्या छेदावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषा दिसतात, हाडावर काळसर ठिपके, तर सेल्युलॉइडवर फार सारख्या, समांतर रेषा. तापलेली सुई लावून परीक्षा मात्र करूं नये. सेल्युलॉइड चटकन् पेट घेतें.

भिंगांतून पाहतां आमच्या पट्ट्या सेल्युलॉइडच्या निघाल्या. काकू क्षणभर हिरमुसल्या. पण त्या पहिल्यापासूनच्या होत्या, मागाहून लावलेल्या नव्हत्या, आणि मोल त्यांतच होतें. काकांनीं हट्ट सोडला. निखळलेला तुकडा डबींत जपून ठेविला, तारा बदलल्या व जवारी तेवढी काढून घेतली. विकण्याचा विषय त्यानंतर कोणीं काढला नाहीं.