बोबडा ‘स’

आमच्या शाळेत सहावीच्या वर्गात एक मुलगा होता. आईवडील ऊसतोड कामगार. दिवाळी सरली की सारे कुटुंब कारखान्याच्या वाटेला लागे. मुलगा हुशार, परंतु पाढे विचारले की मुकाट उभा राही. एके दिवशी मी हट्टाने त्यास बोलावयास लावले. ‘पाच थाते पथ्तीथ,’ तो म्हणाला, आणि सारा वर्ग खदखदून हसला. पाढा बरोबर होता. चूक माझी होती. त्यानंतर तो कित्येक दिवस वर्गात बोललाच नाही.

अशा बोलण्यास आपण बोबडे बोलणे म्हणतो. तोतरेपणा निराळा. तोतरे बोलणाऱ्याचा शब्द अडखळतो. बोबडे बोलणाऱ्याचा शब्द अडत नाही, त्यातील एखाद्या वर्णाची जागा चुकते. मुलांनो, ‘थ’ म्हणून पाहा. जिभेचा शेंडा दातांना टेकतो. आता ‘स’ म्हणा. जीभ दातांच्या मागेच थांबते, तिच्या मधोमध पन्हळीसारखी खोबण होते आणि तीतून निघालेली हवेची बारीक धार दातांवर आदळते. व्याकरणाने या दोन्ही वर्णांना दंत्य म्हटले आहे. इतका त्यांचा शेजार निकटचा! जीभ किंचित पुढे सरकून दातांच्या फटीत आली, की ‘स’चा ‘थ’सारखा ध्वनी होतो. बुद्धीचा यात काडीमात्र संबंध नाही.

दुधाचे पुढचे दात पडतात तेव्हा पुष्कळ मुलांचा ‘स’ काही काळ ढिला होतो व नवे दात आल्यावर सुधारतो. आठ-नऊ वर्षांनंतरही तो तसाच राहिला, तर मात्र वाट पाहत बसू नये. वेखंड उगाळून चाटविल्याने जिभेला तिची जागा कळत नाही. ती जागा शिकविणाऱ्यास वाचोपचारतज्ज्ञ म्हणतात. रुग्णालयात ‘स्पीच थेरपिस्ट’ म्हणून विचारावे.

मी त्या मुलाच्या वडिलांना बोलावून घेतले. ‘देवानंच तशी जीभ दिली, गुरुजी. तिला आता काय करायचं?’ ते म्हणाले. त्यांची समजूत घालण्यात माझे दोन रविवार गेले.

असा तज्ज्ञ शोधावा कोठे? २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक मुलांची तपासणी करण्यासाठी शाळेत येते. त्यातील डॉक्टरांना बोलण्याची अडचणही निःसंकोच सांगावी. पुढे कोठे जावयाचे ते सांगतात. आपल्या बीड जिल्ह्यात अंबाजोगाईस, म्हणजे मुकुंदराजांच्या समाधीच्या गावी, स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. तेथील कान-नाक-घसा विभागात आधी कान तपासून घ्यावेत; कारण ‘स’चा ध्वनी फार बारीक असतो, आणि जो नीट ऐकूच येत नाही तो नीट उच्चारता कसा येणार? तज्ज्ञ कोणत्या दिवशी भेटतात, हे विचारून मगच एस.टी.त बसावे. खाजगी दवाखान्यात जावयाचे झाल्यास तज्ज्ञाचे नाव भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदलेले आहे ना, हे पाहावे.

उपचारात ना सुई, ना कडू औषध. प्रथम ‘सा’ आणि ‘था’ यांतील भेद कानाने ओळखावयाचा. मग आरशासमोर दात हलके मिटून, जीभ आत ठेवून, सायकलच्या चाकातून हवा जावी तसा लांब ‘स्स्स’ काढावयाचा. काहींना ‘त, त, त’ भरभर म्हणता म्हणता ‘त्स’ साधतो, आणि त्यातून ‘स’ सुटा होतो. पुढे शब्द, वाक्ये, वाचन. सर्वांत कठीण पायरी शेवटची : घरी गप्पा मारतानाही जीभ जागेवर ठेवणे. त्यासाठी महिनोन्‌महिने रोज थोडा वेळ सराव लागतो.

आमच्या त्या मुलाच्या तीन भेटी झाल्या, आणि ऊसतोडीचा हंगाम आला. तज्ज्ञांनी सराव कागदावर लिहून दिला. आरशाचा एक तुकडा खिशात घालून तो गेला. उसाच्या फडाजवळच्या कोपीत, कंदिलापाशी बसून धाकट्या बहिणीला तो पाढे शिकवी. तोच त्याचा सराव.

उन्हाळ्याच्या तोंडाशी तो परतला. वर्गात स्वतः हात वर करून त्याने साताचा पाढा म्हटला. घाईत बोलला की अजूनही त्याचा एखादा ‘स’ निसटतो. मग तो थांबतो, आणि तो शब्द पुन्हा म्हणतो.