बर्लिन : एका लोकलची दोन टोकं

बर्लिनला जाणारे आपले बरेच लोक ब्रांडेनबुर्ग दरवाजा बघतात, भिंतीचा उरलेला भाग बघतात, फोटो काढतात आणि पुढच्या गावाला निघतात. आम्ही सांगू, आणखी दोन दिवस हाताशी ठेवा आणि लोकलने फिरा. तिथल्या लोकलला ‘एस-बान’ म्हणतात. तिची एस-१ ही गाडी नैर्ऋत्येला वान्झेहून निघते, शहराच्या पोटातून जाते आणि उत्तरेला ओरानिएनबुर्गला थांबते. आजचा आपला विषय या मार्गाच्या दोन टोकांवर आणि थोडा आजूबाजूला आहे.

आधी वान्झे. तळं, शिडाच्या होड्या आणि काठावर एक देखणा बंगला. २० जानेवारी १९४२ रोजी इथे हायड्रिशच्या अध्यक्षतेखाली १५ अधिकारी जमले. बैठक साधारण दीड तास चालली. ज्यूंना मारायचं इथे ठरलं, असं पुष्कळदा सांगितलं जातं. ते बरोबर नाही. पूर्वेकडे सामूहिक हत्या १९४१ मध्येच सुरू झाल्या होत्या. इथे कामाची जुळवाजुळव झाली, कोणत्या खात्याने काय करायचं ते बोललं गेलं. आइखमानने लिहिलेलं इतिवृत्त तिथे वाचायला मिळतं. त्यात देशवार यादी आहे, प्रत्येक देशापुढे ज्यूंचा आकडा आणि खाली बेरीज, १ कोटी १० लाखांहून जास्त. ‘मारणे’ हा शब्द मात्र नाही. ‘पूर्वेकडे हलवणे’ असं म्हटलंय. आणि त्या १५ जणांपैकी निम्मे तरी डॉक्टरेट मिळवलेले होते. आमच्या नावामागेही तीच उपाधी आहे, म्हणून ही गोष्ट आम्हाला नुसती माहिती म्हणून सोडून देता येत नाही.

वान्झेहून परतताना एस-७ पकडून ग्रुनेवाल्डला उतरा. तिथे १७ नंबरच्या फलाटावर आता गाडी येत नाही. १८ ऑक्टोबर १९४१ पासून बर्लिनच्या ज्यूंना इथून पाठवलं गेलं. फलाटाच्या कडेने लोखंडी पट्ट्या आहेत, प्रत्येकीवर तारीख, माणसांची संख्या आणि गाडी कुठे गेली ते. रेल्वे या प्रवासाचं भाडं लावत असे, तेही तिसऱ्या वर्गाच्या दराने. लहान मुलांना अर्धं तिकीट! म्हणजे बघा, कोणीतरी टेबलाशी बसून हा हिशेब बिनचूक केला होता.

आता दुसरं टोक, ओरानिएनबुर्ग. स्टेशनपासून वीसेक मिनिटं चाललं की झाक्सनहाउझेनची छळछावणी लागते. १९३६ ते १९४५ या काळात इथे सुमारे दोन लाख कैदी होते. आत वेगवेगळ्या खडीची, वाळूची, दगडांची एक वाट दिसते. बुटांचे तळवे किती टिकतात हे तपासायला कैद्यांना तिच्यावर दिवसभर चालवत. चाचणी काटेकोर, नोंदी व्यवस्थित, आणि चालणारा माणूस मात्र हिशेबातच नाही.

हाना आरेन्टने आइखमानचा खटला बघून १९६३ साली जे पुस्तक लिहिलं, त्यात हाच प्रश्न आहे. आइखमान तिने म्हटलं तितका साधा कारकून नव्हता, हे पुढच्या अभ्यासकांनी दाखवलं. पण प्रश्न खोटा ठरला नाही. हुशारी आणि विचार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दिलेलं काम चोख करणं ही हुशारी. हे काम करावं का, असं स्वतःला विचारणं हा विचार.

तो विचार याच शहरात आपल्या एका बाईने केला होता. वान्झेच्या अलीकडे दालेम नावाचा भाग आहे. तिथल्या मानववंशशास्त्राच्या संस्थेत इरावती कर्वे ऑयगेन फिशरच्या हाताखाली शिकत होत्या. वंशावंशांत उच्चनीच असतं, ही त्या प्राध्यापकाची श्रद्धाच होती. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि १९३१ च्या प्रबंधात मांडलं की, कवटीच्या दोन बाजूंतल्या असमानतेचा वंशाशी संबंध दिसत नाही. परका देश, पदवी गुरूच्या हातात, तरी मोजमापाने जे दाखवलं तेच त्यांनी लिहिलं.

म्हणून वान्झेचा बंगला बघाल त्या दिवशी दालेमलाही जाऊन या. शिकलेला माणूस काय काय करू शकतो, ते दोन्हीकडून दिसेल.