लिहिणाऱ्या मुलांना ग्रंथालयाने जागा द्यावी

महाराष्ट्रातील ग्रंथालयांची परंपरा जुनी आणि अभिमानास्पद आहे. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ साली सुरू झाले. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ साली, तर मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ साली. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाने या चळवळीला सरकारी अनुदानाचा आधार दिला आणि वाचनालये खेडोपाडी पोहोचली. या संस्थांनी वाचक घडविला, हे त्यांचे ऋण निर्विवाद आहे. परंतु तेरा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींसाठी तेथे नेमकी कोणती जागा आहे, असे विचारले तर समाधानकारक उत्तर मिळत नाही. बालविभागातील पुस्तके त्यांना पोरकट वाटू लागलेली असतात आणि कादंबऱ्यांचे कपाट त्यांच्यासाठी नव्हे, असे मोठ्यांना वाटत असते. मग ही मुले येतात ती अभ्यासिकेत, परीक्षेची पुस्तके घेऊन.

वास्तविक मनातले कागदावर उतरवावे, ही ऊर्मी याच वयात प्रबळ असते. वहीच्या शेवटच्या पानावर चोरून लिहिलेल्या कविता याची साक्ष देतील. शाळेत निबंध असतो. पण त्याचे मुद्दे फळ्यावर दिलेले असतात, उरलेला मजकूर मार्गदर्शकातून पाठ केलेला असतो आणि शेवटी गुण मिळतात ते शुद्धलेखनाला व ठरावीक सुभाषितांना. हा दोष एकट्या शिक्षकाचा नव्हे. साठ वह्यांचा गठ्ठा तपासणाऱ्याने प्रत्येक मुलाचा स्वतंत्र सूर ऐकावा कसा? ग्रंथालयाचे सामर्थ्य नेमके येथे आहे. तेथे गुणपत्रिका नसते.

कोवळ्या लेखणीला सर्वांत आधी गरज असते ती ऐकणाऱ्याची. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात त्र्यंबक बापूजी ठोमरे या १८९० साली जन्मलेल्या मुलाने कविता म्हटली आणि अध्यक्ष डॉ. कीर्तिकर यांनी त्याचा ‘बालकवी’ म्हणून गौरव केला. प्रतिभा त्याची स्वतःची होती, हे खरे. पण जाणत्यांच्या सभेने एका मुलाचे शब्द गंभीरपणे ऐकून घेतले, हेही तितकेच महत्त्वाचे. अशी संमेलने सर्वांच्या वाट्याला येत नाहीत. ग्रंथालय मात्र गावातच असते.

यासाठी मोठा खर्च नको. आठवड्यातून एक दिवस, शाळा सुटल्यावर, वाचनकक्षातील एक टेबल या मुलांसाठी राखून ठेवावे. ग्रंथपालाने एखादी कथा वाचून दाखवावी, मग मुलांनी अर्धा तास लिहावे आणि ज्याची इच्छा असेल त्याने वाचून दाखवावे. विषय बाजाराचा, आजीचा, बंद पडलेल्या गिरणीचा, कशाचाही असो. भाषा अहिराणी असो, मालवणी असो वा वऱ्हाडी. व्याकरणाची दुरुस्ती नंतर करता येईल. वर्षअखेरीस निवडक लेखनाचे हस्तलिखित तयार करावे आणि ते दाखल नोंदवहीत रीतसर क्रमांक देऊन कपाटात ठेवावे. आपले लेखन इतर पुस्तकांच्या शेजारी उभे आहे, हे पाहणारा मुलगा पुढे लेखक होईल वा न होईल. वाचनालयाला परका मात्र राहणार नाही.

यावर आक्षेप येतील. ग्रंथालय सेवकांचे वेतन तुटपुंजे आहे, अनुदान अपुरे पडते. त्यांच्यावर आणखी भार कशाला? हा आक्षेप रास्त आहे आणि शासनाने त्याचे उत्तर दिलेच पाहिजे. तोवर गावातील निवृत्त शिक्षक व महाविद्यालयीन विद्यार्थी आठवड्याचा एक तास देऊ शकतील. दुसरा आक्षेप असा, की लिहिण्याने नोकरी मिळत नाही. परंतु स्वतःचा विचार स्वतःच्या शब्दांत मांडता न येणारा पदवीधर मुलाखतीत अडतो आणि साधा तक्रारअर्ज लिहितानाही दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहतो, हा अनुभव कोणत्याही कचेरीत मिळेल.

मराठीच्या भवितव्याची चिंता व्यासपीठावरून पुष्कळ केली जाते. १९७१ पासून निघणाऱ्या बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाने मुलांच्या हाती चांगले वाचन दिले. आता त्याच मुलांच्या हाती कोरा कागद देण्याचे काम ग्रंथालयांनी अंगावर घ्यावे. जी भाषा तिची मुले केवळ परीक्षेपुरती लिहितात, ती परीक्षेबरोबरच त्यांच्या आयुष्यातून संपते.